ब्रुकलिन ब्रिजचा इतिहास आणि अभियांत्रिकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रुकलिन ब्रिज कुठे आहे आणि तो किती मोठा आहे?

न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन आणि ब्रुकलिन हे दोन भाग जोडणारा हा झुलता पूल ईस्ट रिव्हरवर उभा असून तो २४ मे १८८३ रोजी वाहतुकीसाठी खुला झाला. दोन मनोऱ्यांमधला मुख्य गाळा सुमारे ४८६ मीटरचा आणि पुलाची एकूण लांबी सुमारे १,८२५ मीटर आहे. मनोरे भरतीच्या पातळीपासून ८४ मीटर उंच आहेत आणि खालून जहाजे जावीत म्हणून गाळ्याच्या मध्यावर सुमारे ४१ मीटर मोकळी उंची ठेवलेली आहे. १९०३ पर्यंत जगातील सर्वांत लांब गाळ्याचा झुलता पूल हाच होता, आणि तो मान त्याच नदीवरच्या विल्यम्सबर्ग पुलाने जेमतेम दीड मीटरच्या फरकाने मिळवला. तुर्कस्तानात २०२२ मध्ये खुल्या झालेल्या चनाक्कले पुलाचा गाळा २,०२३ मीटरचा, म्हणजे याच्या चौपटीहून मोठा असल्यामुळे लांबीच्या यादीत ब्रुकलिन ब्रिजला आज फारसे स्थान उरलेले नाही.

हा पूल बांधण्याची गरज का भासली?

ब्रुकलिन त्या काळी न्यूयॉर्कचा भाग नव्हता. ते अमेरिकेतील तिसऱ्या क्रमांकाचे स्वतंत्र शहर होते आणि १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले. हजारो माणसे रोज कामासाठी होडीने पलीकडे जात. ईस्ट रिव्हर ही नावाला नदी असली तरी प्रत्यक्षात ती समुद्राची भरती-ओहोटी वाहून नेणारी सामुद्रधुनी आहे, त्यामुळे तिचा प्रवाह जोरकस आणि वेळोवेळी उलटणारा असतो. १८६६-६७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात बर्फामुळे होड्या अडकून पडल्या आणि पुलाची मागणी पुढे ढकलणे राजकारण्यांनाही अवघड झाले. नदीपात्रात मधे खांब उभे करणे जहाजांच्या वर्दळीमुळे शक्य नव्हते. एका गाळ्यात नदी ओलांडायची, तर त्या काळी झुलत्या पुलाखेरीज व्यवहार्य पर्याय नव्हता.

पुलाची रचना कोणाची?

मूळ आराखडा जॉन ऑगस्टस रोब्लिंग यांचा. ते १८०६ मध्ये जर्मनीतील म्यूलहाउझेन येथे जन्मले, १८३१ मध्ये अमेरिकेत आले आणि पुढे तारेचे दोर बनवण्याचा कारखाना काढून त्यात त्यांनी नाव मिळवले. नायगरा नदीवर १८५५ मध्ये त्यांनी रेल्वे जाणारा झुलता पूल उभारला, तेव्हा अशा पुलावरून आगगाडी जाऊ शकेल यावर बहुतेक नामवंत अभियंत्यांचा विश्वास नव्हता. त्यानंतर सिनसिनाटी येथे ओहायो नदीवर ३२२ मीटरच्या गाळ्याचा पूलही त्यांनी पूर्ण केला.

ब्रुकलिनचे काम मात्र त्यांना सुरू झालेले दिसले नाही. जून १८६९ मध्ये मोजणीसाठी धक्क्यावर उभे असताना येणाऱ्या होडीने त्यांचे पाऊल चिरडले. डॉक्टरांचे न ऐकता त्यांनी स्वतःवर जलोपचार चालू ठेवले आणि २२ जुलै रोजी धनुर्वाताने त्यांचे निधन झाले. मुख्य अभियंत्याची जबाबदारी त्यांचे पुत्र वॉशिंग्टन रोब्लिंग यांच्यावर आली, ते तेव्हा ३२ वर्षांचे होते. वडिलांच्या आराखड्यात पुलाचे एकंदर रूप ठरलेले होते, पण पाया कसा घालायचा, केबल कशा विणायच्या, कोणते सामान घ्यायचे याचा बहुतेक तपशील ठरायचा होता. पूल खऱ्या अर्थाने बांधला तो वॉशिंग्टन यांनी, असे म्हणणे योग्य ठरेल.

झुलत्या पुलावरचा भार जमिनीपर्यंत कसा पोहोचतो?

रस्त्याचा आणि वाहनांचा भार उभ्या टांगत्या तारांवाटे मुख्य केबलांवर जातो. केबल मनोऱ्यांच्या माथ्यावरच्या बैठकींवरून पलीकडे उतरते आणि दोन्ही काठांवरच्या अजस्र दगडी बांधकामात, म्हणजे अँकरेजमध्ये, जखडलेली असते. मनोरे केबलांचा खाली येणारा भार पेलतात. केबलांची आडवी ओढ अँकरेजच्या वजनाने रोखली जाते. ब्रुकलिन ब्रिजच्या प्रत्येक अँकरेजचे वजन सुमारे ६०,००० टन असून त्याच्या तळाशी २३-२३ टनांच्या ओतीव लोखंडी प्लेट्स पुरलेल्या आहेत. त्यांना अडकवलेल्या साखळ्या दगडकामातून वर वळत केबलांना येऊन मिळतात.

केबलला किती झोळ द्यायचा, म्हणजे मनोऱ्यांच्या माथ्यापासून ती मध्यावर किती खाली येऊ द्यायची, हा यातला कळीचा निर्णय असतो. आडवी ओढ झोळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. झोळ निम्मा केला तर ओढ दुप्पट होते, म्हणजे केबल आणि अँकरेज दोन्ही त्या मानाने भक्कम लागतात; झोळ वाढवला तर मनोरे उंच करावे लागतात आणि पूल अधिक लवचीक होतो. येथे झोळ सुमारे ३९ मीटर, म्हणजे गाळ्याच्या साधारण साडेबाराव्या हिश्शाइतका आहे.

मनोऱ्यांपासून पंख्यासारख्या पसरणाऱ्या तिरप्या तारा कशासाठी आहेत?

छायाचित्रांत या पुलावर जे जाळे दिसते, ते उभ्या टांगत्या तारा आणि मनोऱ्याच्या माथ्यापासून थेट रस्त्यापर्यंत उतरणाऱ्या तिरप्या तारा एकमेकींना छेदल्यामुळे तयार झालेले आहे. ते शोभेसाठी केलेले नाही. जॉन रोब्लिंग यांनी अमेरिकेतीलच व्हीलिंग येथील झुलता पूल १८५४ मध्ये वादळात कोसळल्याचे प्रकरण बारकाईने अभ्यासले होते आणि नुसती केबल रस्त्याला हेलकावे घेण्यापासून रोखू शकत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी तीन उपाय एकत्र योजले. पुलाला पुरेसे वजन ठेवले, रस्त्याच्या कडेने खोल कैचीदार तुळया घातल्या आणि तिरप्या तारा दिल्या. आपल्या अहवालात त्यांनी असेही मांडले होते की, समजा केबल तुटल्या, तरी तिरप्या तारांच्या आधाराने पूल मध्यभागी खचेल, पण पडणार नाही.

यात एक अडचण होती. भाराचा किती हिस्सा केबल घेणार आणि किती तिरप्या तारा घेणार, याचे अचूक गणित करण्याची साधने त्या काळच्या अभियंत्यांकडे नव्हती. रोब्लिंग पिता-पुत्रांनी त्यावर सरळ मार्ग काढला आणि केबल अपेक्षित भाराच्या सहापट बळकट ठेवल्या. आजचा अभियंता एवढी चैन करणार नाही. त्याला खर्चाचे उत्तर द्यावे लागेल. पण या पुलाचा पुढचा इतिहास वाचताना ही सहापट सतत ध्यानात ठेवावी लागते.

पाण्याखाली पाया कसा घातला?

यासाठी केसन वापरले. केसन म्हणजे तळ नसलेली प्रचंड लाकडी पेटी. उपडा पेला पाण्यात दाबला की आत हवा अडकून राहते, तशी ही पेटी नदीच्या तळावर टेकवायची, आत दाबाखाली हवा भरून पाणी बाहेर ढकलायचे आणि मजुरांनी आत उतरून तळाची माती-दगड खोदायचे, अशी पद्धत होती. खोदाई होत जाते तशी पेटी खाली जाते आणि तिच्या छतावर एकीकडे मनोऱ्याचे दगडकाम चढत असते, त्यामुळे वाढते वजनच तिला खाली दाबते. शेवटी आतली पोकळी काँक्रीटने भरून टाकली, की पेटीच मनोऱ्याचा पाया होते.

ब्रुकलिनकडची पेटी सुमारे ५१ मीटर लांब आणि ३१ मीटर रुंद होती. पाइनच्या जाड तुळया एकमेकींवर रचून, फटींत डांबर व ताग ठासून ती एका जहाज-कारखान्यात बांधली आणि मार्च १८७० मध्ये जहाजासारखीच पाण्यात सोडली. आतले काम अत्यंत कष्टाचे होते. हवा दमट आणि कोंदट, उजेड मेणबत्त्यांचा किंवा गॅसच्या दिव्यांचा, आणि दाबामुळे आवाज चिरका होऊन जाई. तळाशी एवढे मोठे दगड लागले की काम आठवड्याला काही इंचांवर आले. सुरुंग लावावेत, तर दाबलेल्या हवेत स्फोटाने कामगारांचे कान फुटतील किंवा पेटीतली हवा एकदम निसटून पाणी आत शिरेल, अशी भीती होती. वॉशिंग्टन यांनी आधी पेटीत पिस्तुलाचे बार काढून पाहिले, मग बाराचे प्रमाण वाढवत नेले, आणि काही होत नाही अशी खात्री पटल्यावर सुरुंगांना परवानगी दिली.

डिसेंबर १८७० मध्ये एका मेणबत्तीने छताच्या फटीतला ताग पेटला. दाबाखालच्या हवेत आग लाकडाच्या आत खोलवर पसरत गेली आणि वरून ती दिसेना. अखेर पेटीत पाणी सोडून ती विझवावी लागली, आणि जळून कोळसा झालेले लाकूड खरवडून त्या पोकळ्या सिमेंटने भरण्यात पुढे बराच काळ गेला. या अनुभवानंतर मॅनहॅटनकडच्या पेटीला आतून लोखंडी पत्रा लावण्यात आला.

मॅनहॅटनकडचा मनोरा वाळूवर उभा आहे, हे खरे आहे का?

होय. ब्रुकलिनकडचा पाया सुमारे साडेतेरा मीटर खोलीवर टेकला. मॅनहॅटनकडे मात्र जवळजवळ २४ मीटर गेल्यावरही अखंड खडक सर्वत्र लागेना. आणखी खाली जायचे, तर वाढत्या दाबात किती माणसे दगावतील याचा अंदाज करणे अशक्य होते. वॉशिंग्टन यांनी तळाच्या वाळू-खडीच्या थराची तपासणी केली, तो थर लक्षावधी वर्षे न हललेला आणि घट्ट दबलेला असल्याचा निष्कर्ष काढला, आणि मे १८७२ मध्ये खोदाई थांबवली. मनोरा आजही त्याच थरावर उभा आहे. या पुलाच्या बांधकामातला सर्वांत अवघड निर्णय कोणता असे विचारले, तर उत्तर म्हणून हाच निर्णय सांगावा लागेल, कारण तो चुकला असता तर नंतर दुरुस्तीला जागाच नव्हती.

केसनचा आजार म्हणजे काय?

जास्त दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये अधिक प्रमाणात विरघळतो. माणूस अचानक कमी दाबात आला, की तो वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि सांधे, मज्जारज्जू किंवा मेंदू यांना इजा करतो. सांध्यांत असह्य कळा, उलट्या, पाय लुळे पडणे, क्वचित मृत्यू अशी त्याची लक्षणे असतात. पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांना आजही याच कारणाने सावकाश वर यावे लागते.

१८७२ मध्ये हे कारण कोणालाच नीट ठाऊक नव्हते. फ्रान्सचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी ते १८७८ मध्ये प्रयोगांनी दाखवले. पुलावर नेमलेले डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी सुमारे ११० रुग्णांची नोंद ठेवली, दाब सावकाश कमी करावा असे सुचवले आणि रुग्णाला पुन्हा दाबात नेले तर कळा थांबतात हेही त्यांच्या लक्षात आले. उपचाराची किल्लीच त्यांच्या हाती आली होती, पण दाब उतरवण्यास त्यांनी दिलेला वेळ फार अपुरा होता आणि पुनर्दाबाचा उपाय त्यांनी अमलात आणला नाही. या आजाराने तीन कामगार मृत्युमुखी पडले. इतरांनी मजुरीवाढीसाठी संप केला, आणि त्या परिस्थितीत तो न केला असता तरच नवल.

वॉशिंग्टन स्वतः पेट्यांमध्ये तासन्‌तास उतरत असत. १८७२ मध्ये त्यांना या आजाराचा जबर झटका आला आणि त्यानंतर पूल पूर्ण होईपर्यंत ते कामावर प्रत्यक्ष जाऊ शकले नाहीत. पुढे ब्रुकलिन हाइट्सवरच्या घराच्या खिडकीतून ते दुर्बिणीने काम पाहत आणि सूचना लिहून घेववीत.

एमिली रोब्लिंग यांचा नेमका वाटा काय होता?

एमिली वॉरन रोब्लिंग या वॉशिंग्टन यांच्या पत्नी. पतीच्या सूचना लिहून घेणे आणि त्या साहाय्यक अभियंत्यांपर्यंत पोहोचवणे, हे काम त्यांनी सुरू केले आणि ते करता करता केबलच्या वक्राचे गणित, सामग्रीची ताकद, पुलाचे तपशील यांचा अभ्यास केला. कंत्राटदार, विश्वस्त आणि वार्ताहर यांना त्याच सामोऱ्या जात. मुख्य अभियंत्या त्याच होत्या असे हल्ली उत्साहाने लिहिले जाते. ते अतिशयोक्तीचे आहे आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीला त्याची गरजही नाही. अकरा वर्षे एक आजारी माणूस घरातून एवढे मोठे बांधकाम चालवू शकला, तो त्यांच्यामुळे. १८८२ मध्ये वॉशिंग्टन यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला आणि तो १० विरुद्ध ७ मतांनी फेटाळला गेला.

केबल कशा विणल्या?

एवढ्या जाडीची तयार केबल उचलून मनोऱ्यांवर चढवणे अशक्य होते, म्हणून ती जागेवरच तारेतारेने तयार केली. आधी एक दोर नदीपार नेऊन त्याची फिरती माळ केली. २५ ऑगस्ट १८७६ रोजी मुख्य यांत्रिक ई. एफ. फॅरिंग्टन हे या दोराला लटकवलेल्या लहानशा फळीवर बसून सर्वांत आधी पलीकडे गेले. मजुरांचा धीर वाढावा हा त्यांचा हेतू होता. काठांवर जमलेल्या हजारो लोकांनी मात्र तो तमाशा म्हणून मनसोक्त पाहिला.

त्यानंतर चाकांनी तार एका अँकरेजपासून दुसऱ्यापर्यंत पुन्हा पुन्हा नेली. प्रत्येक तारेचा झोळ ठरलेल्या तारेशी जुळवून घ्यावा लागे, आणि उन्हात तार लांबत असल्यामुळे हे काम वेळ पाहून करावे लागे. २७८ तारांचा एक पेड आणि अशा १९ पेडांची एक केबल, अशी मूळ योजना होती. दोराला असतो तसा पीळ यात नाही. सर्व तारा एकमेकींना समांतर असून वरून मऊ तार घट्ट गुंडाळलेली आहे. अशा चार केबल असून प्रत्येकीचा व्यास सुमारे ४० सेंटिमीटर आहे. त्याआधीच्या पुलांत लोखंडी तार वापरली जाई. येथे जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी तार वापरली गेली, आणि एवढ्या मोठ्या पुलावर तसे करण्याची ती पहिलीच वेळ होती.

निकृष्ट तारेचे प्रकरण काय होते?

तारेचे कंत्राट जे. लॉइड हेग या ब्रुकलिनच्या कारखानदाराला मिळाले. पुलाच्या अधिकाऱ्यांचा ज्यात हितसंबंध आहे त्या कंपनीला कंत्राट देऊ नये, असा ठराव आधीच झाला होता आणि त्याचा रोख उघडपणे रोब्लिंग यांच्या कारखान्यावर होता. वॉशिंग्टन यांनी आपले समभाग विकूनही कंत्राट हेगकडेच गेले.

तपासनीस कारखान्यात तारेची वेटोळी तपासत आणि पास झालेल्या मालाला दाखला देत. १८७८ च्या उन्हाळ्यात उघडकीस आले, की दाखला मिळालेला माल पुलाकडे निघाला, की वाटेत दुसऱ्या एका इमारतीत उतरवला जाई आणि त्याच गाडीत नाकारलेली तार भरून पुढे पाठवली जाई. चांगला माल मागच्या वाटेने परत कारखान्यात येऊन पुन्हा तपासनिसासमोर ठेवला जाई. म्हणजे तपासणी रोज होत होती, दाखले खरे होते, आणि केबलमध्ये मात्र रद्दी तार जात होती. अशी सुमारे २२० टन तार विणली गेली असावी, असा वॉशिंग्टन यांचा अंदाज होता. ती उसवून काढणे शक्य नव्हते.

त्यांनी नव्याने हिशेब मांडला. केबल सहापट बळकट आखलेल्या होत्या. खराब तार धरूनही त्या किमान पाचपट बळकट भरत होत्या. तरीही प्रत्येक केबलमध्ये सुमारे १५० तारा हेगच्या खर्चाने वाढवून घेतल्या, त्यामुळे एका केबलमधील तारांची अंतिम संख्या ५,४३४ झाली. हेगवर या प्रकरणी खटला झाला नाही. नंतर दुसऱ्याच फसवणुकीत तो तुरुंगात गेला.

किती खर्च झाला आणि किती माणसे दगावली?

एकूण खर्च सुमारे दीड कोटी डॉलर झाला. सुरुवातीच्या वर्षांत न्यूयॉर्कचे कुख्यात पुढारी विल्यम ट्वीड यांनीही पुलाच्या कंपनीत हात घातला होता. १८७१ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे पुलाचा कारभार सार्वजनिक झाला. बांधकामात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. केसनच्या आजाराचीच चर्चा अधिक होते, परंतु बहुतेक मृत्यू उंचावरून पडून, दगड अंगावर येऊन किंवा यारी तुटून झाले.

उद्घाटनानंतर चेंगराचेंगरी का झाली?

पहिल्याच दिवशी सुमारे दीड लाख लोकांनी पूल ओलांडला. पायी जाणाऱ्याला एक सेंट पथकर होता. त्यानंतर सहाच दिवसांनी, ३० मे १८८३ रोजी, सुटीच्या गर्दीत मॅनहॅटनकडच्या अरुंद जिन्यावर एक स्त्री पडली, किंकाळी उठली आणि पूल कोसळतो आहे अशी समजूत होऊन लोक एकमेकांवर कोसळले. बारा जणांचा मृत्यू झाला. पुलाला काहीही झालेले नव्हते. पुढच्या वर्षी मे महिन्यात सर्कसवाले पी. टी. बार्नम यांनी जंबो या प्रसिद्ध हत्तीसह २१ हत्ती पुलावरून नेले. त्यातून पुलाची मजबुती सिद्ध झाली असे सांगतात, पण खरे पाहता ती सर्कसची जाहिरात होती.

वांद्रे-वरळी सागरी सेतूही याच प्रकारचा पूल आहे का?

नाही, जरी दोन्हींवर तारा दिसत असल्या तरी. २००९ मध्ये खुल्या झालेल्या सागरी सेतूच्या तारा मनोऱ्यापासून थेट रस्त्यापर्यंत तिरप्या उतरतात. त्यात झोळ असलेली मुख्य केबल नाही आणि तिला जखडणारे अँकरेजही नाही. ब्रुकलिन ब्रिजवर या दोन्ही पद्धती एकाच पुलावर आहेत, म्हणून मुंबईच्या वाचकाला त्याच्या तिरप्या तारा ओळखीच्या वाटतात.

टॅकोमाचा पूल वाऱ्याने पडला. हा का पडला नाही?

अमेरिकेतील टॅकोमा नॅरोजचा ८५३ मीटरच्या गाळ्याचा झुलता पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६५ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्याचा रस्ता अरुंद आणि हलका होता, आणि त्याच्या कडेच्या भरीव पोलादी तुळया जेमतेम अडीच मीटर खोल होत्या. मधल्या काळात गणित सुधारले, त्या बळावर पूल सडपातळ होत गेले, आणि वाऱ्याची गोष्ट मागे पडली. ब्रुकलिन ब्रिजचा गाळा लहान आहे आणि त्याचे वजन, कैच्या व तिरप्या तारा मिळून हेलकाव्याला सुरुवातीलाच अटकाव करतात.

आजच्या पुलात मूळ भाग किती उरला आहे?

मनोरे, अँकरेज आणि चार मुख्य केबल मूळच्याच आहेत, म्हणजे हेगची तारही अजून आतच आहे. रस्त्याचा भाग मात्र पुष्कळ बदलला. पुलावरच्या आगगाड्या १९४४ मध्ये आणि ट्राम १९५० मध्ये बंद झाल्या. त्यानंतर अभियंते डेव्हिड स्टाइनमन यांच्या देखरेखीखाली कैच्यांची फेररचना होऊन मोटारींसाठी सहा मार्गिका झाल्या. १९८१ मध्ये गंजलेल्या तिरप्या तारा तुटून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. त्यामुळे पूल बंद करावा लागला नाही, पण तिरप्या आणि टांगत्या तारा बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले. सप्टेंबर २०२१ पासून सायकलींसाठी मोटारींची एक मार्गिका राखून ठेवलेली आहे, त्यामुळे वरचा लाकडी पदपथ केवळ पायी चालणाऱ्यांना मिळाला आहे.

२०२५ मध्ये जहाज आदळले तेव्हा काय नुकसान झाले?

१७ मे २०२५ च्या संध्याकाळी मेक्सिकोच्या नौदलाचे क्वाउतेमोक हे शिडाचे प्रशिक्षण जहाज धक्क्यावरून निघाल्यावर भलत्याच दिशेने वाहत जाऊन पुलाखाली शिरले. त्याच्या डोलकाठ्या पुलाखालच्या मोकळ्या उंचीपेक्षा जास्त उंच होत्या, त्यामुळे तिन्हींचे वरचे भाग मोडले. जहाजावरील दोघांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. पुलाची पाहणी झाली, गंभीर इजा आढळली नाही आणि त्याच रात्री वाहतूक पुन्हा सुरू करण्यात आली.